रेडिओचा कान

गाडीतल्या रेडिओचा कान कुणी पिळायचा, हा प्रश्न आमच्या घरात १९७८ सालीच निकालात निघाला होता. त्या वर्षी, नंबर लावून सगळ्यांचा धीर सुटल्यावर, बोरिवलीला आमच्या इमारतीसमोर अण्णांची फियाट येऊन उभी राहिली. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० म्हणून बनवत होती. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी ठेवलं. पण लग्नात नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तशी मुंबईकरांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

पुढचं सीट बाकासारखं सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच. त्यामुळे अण्णांचा डावा हात गिअरवर, उजवा चाकावर. तिसरा हात देवांना असतो, फियाट चालवणाऱ्याला नसतो. तेव्हा रेडिओ आपोआपच आईकडे गेला. दोन बटणं, मध्ये काटा. डावं बटण आवाजाचं. ते कमी करायच्या आधी ती नेहमी म्हणायची, “आता जरा समोर बघा.”

ही काळजी तिच्या एकटीची नव्हती. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं, तेव्हा गाणी ऐकत गाडी हाकणारा माणूस खड्ड्यात जाईल, यावर बंदी घाला, अशी ओरड अमेरिकेतही झाली होती. आपल्याकडे सरकारला खड्ड्यांची नव्हे, परवान्याची चिंता. रेडिओ ऐकायचा तर पोस्टातून परवाना काढायचा आणि दरसाल पैसे भरायचे. हा प्रकार १९८० च्या दशकात बंद झाला. अण्णांनी मात्र तो जुना परवाना आरसी बुकाबरोबर बरीच वर्षं जपला. सरकारचा काय भरवसा?

त्या रेडिओवर विविध भारती लागायची. पण इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर मीडियम वेव्हवर हटकून ऐकू येते. त्यामुळे अंधेरीच्या सिग्नलला गाडी थांबली की लताबाई, आणि गाडीनं वेग घेतला की कढईतली फोडणी. पुढे कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ साली काढली आणि पाच वर्षांत मोटारीतही नेऊन बसवली. आमच्या गाडीपर्यंत यायला तिला १९८५ साल उजाडलं. आईचं खातं वाढलं: फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळणं तिच्याकडेच.

अण्णा गेले. कॅसेटचं यंत्र गेलं, रेडिओ मुका झाला, गाडी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, आणि ज्या गाडीला लोक ‘डबडं’ म्हणायचे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले. मग आमच्या चिरंजीवांनाही प्रेम फुटलं. “बाबा, हिला चांगला स्टिरिओ बसवू. आणि स्टिअरिंगवर बटणं!”

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, म्हणजे जिथे आमची गाडी जन्मली तिथून हाकेच्या अंतरावर, आम्ही गेलो. आजचा स्टिरिओ १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप जर्मनांनी ठरवलं आणि जगानं मान्य केलं. आमच्या डॅशबोर्डला कुणी विचारलं नव्हतं. कारागीर कानस हातात घेऊन म्हणाला, “काटना पडेगा, अंकल.” सर्जन म्हणाला असता तर मी एवढा दचकलो नसतो. शेवटी स्टिरिओ सामानाच्या खणात गेला, आणि जुना रेडिओ शोभेला जागच्या जागी राहिला.

स्टिअरिंगचं आणखी वेगळं. नव्या गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रोध असतो. एका तारेतल्या विजेचा दाब बघून स्टिरिओ ओळखतो की कुठलं बटण दाबलं. चाक फिरताना ती तार तुटू नये म्हणून आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. आमच्या चाकात हॉर्नपलीकडे कसलीच सोय नाही. म्हणून रबरी पट्ट्यानं चाकाला बांधायचा बिनतारी रिमोट आला. मी अंगठ्यानं आवाज कमीजास्त करू लागलो आणि तेव्हा ध्यानात आलं, की एवढ्या सगळ्या प्रगतीनं एकच गोष्ट साधली: शेजारच्या माणसाच्या हातातलं काम काढून चालवणाऱ्याला दिलं.

पहिल्या फेरीला आईला घेतलं. वय चौऱ्याऐंशी. हायवेला लागताच तिचा हात सवयीनं त्या मुक्या रेडिओकडे गेला आणि तिनं डावं बटण पिळलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी अंगठ्यानं हळूच आवाज कमी केला. ती समाधानानं मागे टेकली. गोरेगावला तिनं बटण उलटं पिळलं, मी आवाज वाढवला. असं आमचं गुपचूप जोगेश्वरीपर्यंत छान चाललं होतं. तिथे एक रिक्षा आडवी आली आणि माझा अंगठा दाबायचं विसरला. आईनं दोनदा बटण पिळलं, माझ्याकडे पाहिलं.

“अरे, तो रेडिओ बंद आहे, कळतंय मला. दिवा कुठे लागलाय त्याचा? म्हटलं, तुझी हौस चाललीय तर चालू दे.”

अंधेरीला गाडी बाजूला घेतली, पट्टा सोडला आणि रिमोट तिच्या हातात दिला. बिनतारी असल्याचा हा एक फायदा. तिनं चष्मा नीट करून खुणा वाचल्या, आवाज दोन घरं खाली आणला आणि म्हणाली,

“आता जरा समोर बघ.”