तंबाखू 'लागली'

मध्यंतरी काकांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो दोन-तीन वर्षं त्यांनी अंगावर काढला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर केसपेपर भरत होते. दारू? नाही. सिगारेट? कधीच नाही. दुसरं काही व्यसन? काका जवळजवळ दुखावलेच. "छे हो, आम्ही नृसिंहवाडीची माणसं." मग जरा थांबून म्हणाले, "तंबाखू आहे फक्त."

तो 'फक्त' काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण काका खोटं बोलत नव्हते. आमच्या घरात नशा म्हणजे दारू, गांजा, अफू. नशा करणारा झुलतो, बरळतो, घर बुडवतो. तंबाखूने कोण कधी झुललंय? आजी गुरुवारचा कडक उपवास करायची, पाणीसुद्धा बेतानं. पण पहाटे मिश्री लावल्याशिवाय ती देवळाकडे निघायची नाही. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, उपवासाला हे चालतं?" ती म्हणायची, "पोटात कुठं जातंय? दातालाच तर लावते." प्रश्न तिथंच मिटायचा.

पोटात जात नव्हतं हे खरं. जात होतं ते डोक्यात. आणि हे प्रकरण आपल्या भागात आलं कुठून, याचा शोध घेताना मी अनपेक्षितपणे आमच्या देवळापाशीच येऊन पोचलो!

वाडीचं देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधलं, ही परंपरा तुम्ही ऐकली असेल. शहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती दत्तकृपेने परत आली, म्हणून त्याने देऊळ बांधलं असं सांगतात. त्याच विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, अकबराचा वकील असद बेग आला होता. शहजादा दानियालसाठी आदिलशहाची मुलगी वधू म्हणून न्यायची होती. परतताना त्याने एक नवलाची वस्तू बरोबर घेतली. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली तंबाखू आणि ती ओढायची जडावाची नळी. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती अकबरापुढे ठेवली. हे सगळं असद बेगने स्वतःच लिहून ठेवलंय.

पुढचा प्रसंग मोठा वाचण्यासारखा आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम पुढे आला, म्हणाला, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, हिचे गुण आम्हाला माहीत नाहीत, तेव्हा घेऊ नये. असद बेगने वाद घातला, की प्रत्येक गोष्ट कधी ना कधी नवीनच असते. अकबराने स्वतः ती पुढे घेतली नाही. पण दरबारातल्या सरदारांनी मागून घेतली, आणि बघता बघता व्यापारी ती विकू लागले. १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. त्याचा काय परिणाम झाला ते आपण चारशे वर्षं पाहतोच आहोत.

मला त्या हकिमाचं कौतुक वाटतं. "माहीत नाही, म्हणून नको" इतकं सरळ बोलणारा वैद्य मिळणं आजही अवघड. त्याला हवं होतं ते उत्तर मिळायला मात्र पुढे दोन-तीन शतकं गेली.

दरम्यान तंबाखू आपल्याकडे पीक म्हणून रुजली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात विडीची तंबाखू पिकू लागली. जयसिंगपूरला पेठ, निपाणीला तर त्याहून मोठी. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, १९८२ साली 'युगांतर' या गटाने त्यांच्यावर माहितीपटही काढला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. गोळीबार झाला, माणसं मेली. म्हणजे ही वस्तू आमच्याकडे नुसतं व्यसन नव्हती. ती भाकरीही होती. तिला वाईट म्हणणं घरात कुणालाच जड गेलं असतं.

माझं आजोळ निपाणीकडचं. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या शेतावर तंबाखूचे शेंडे खुडायचं काम चालायचं. एकदा हौसेनं मीही गेलो. पहाटेचं दव, ओली पानं, हाताला काळपट चिकटा. तासाभरात डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं आणि बांधावर बसून भडाभडा ओकलो. मामी हसली. "अगं बाई, पोराला तंबाखू लागली!"

लागली. किती नेमका शब्द आहे! पानांतलं निकोटिन दवात उतरतं आणि ओल्या कातडीतून थेट रक्तात जातं. त्यानेच घाम, मळमळ, चक्कर. निकोटिन हे झाडाने किड्यांपासून बचावासाठी तयार केलेलं विषच आहे. १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पुढे १९०५ साली केंब्रिजच्या लँग्लीने कोंबडीच्या स्नायूंवर निकोटिनचे प्रयोग करून एक कल्पना मांडली, की पेशींवर काही खास जागा असतात आणि औषध तिथंच जाऊन बसतं. आज ज्याला आपण रिसेप्टर म्हणतो त्या कल्पनेची ही सुरुवात. म्हणजे शरीरात औषध 'लागतं' कुठे, हे माणसाला कळलं त्यात तंबाखूचाही वाटा आहे.

आता पुढची गंमत. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप्याचं काम करतं. ते कुलपात किल्लीसारखं बसतं. निकोटिनचा आकार असा, की ही बनावट किल्ली त्याच कुलपात चालते. मग ॲड्रेनलिन सुटतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, भूक मरते, आतडी हलतात. "मिश्रीशिवाय कोठा साफ होत नाही" असं आत्या म्हणायची ते काही अगदीच खोटं नव्हतं. मेंदूत डोपामिन सुटतं. 'हे चांगलं झालं, पुन्हा कर' अशी नोंद मेंदू ज्याच्या आधाराने करतो, ते हे रसायन. म्हणूनच तंबाखूने माणूस झुलत नाही. उलट तरतरी येते, लक्ष लागतं. ती माणसाला पाडत नाही, वळण लावते.

रोज बनावट किल्ली फिरू लागली की कुलपं बधिर होतात आणि मेंदू आणखी कुलपं तयार करतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ती सगळी रिकामी कुलपं ओरड सुरू करतात. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात मन न लागणं. हीच तलफ. चिमूट ठेवली की बरं वाटतं, आणि माणूस म्हणतो, तंबाखूने डोकं शांत होतं. खरं तर तिनेच बिघडवलेलं ती तेवढ्यापुरतं दुरुस्त करत असते. रात्रभरात कुलपं पुन्हा ताजी होतात, म्हणून पहाटेची पहिली मिश्री सगळ्यात गोड!

आता मराठीचा शब्द पुन्हा बघा. पहिल्यांदा तंबाखू 'लागली' म्हणजे बाधली. मग काही वर्षांनी तोच माणूस म्हणतो, मला रोज तंबाखू 'लागते'. दोन्हीला क्रियापद एकच. मधलं सगळं औषधशास्त्र त्या दोन रूपांच्या मध्ये आहे.

आणि तळहातावरचा चुना? तो चवीसाठी नसतो. चुन्याच्या अल्कलीने निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या पूर्वजांनी हे रसायनशास्त्र अनुभवाने गाठलं होतं. मिश्रीतही तेच. तव्यावर भाजल्याने निकोटिन नाहीसं होत नाही. आजी तंबाखू भाजायची तेव्हा घरभर ठसका लागायचा, तो मला आजही आठवतो.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायला हवी. माणसाला धरून ठेवतं ते निकोटिन, पण तोंडाचा कॅन्सर मुख्यतः होतो तो तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्ससारख्या दुसऱ्या द्रव्यांनी. एक दार लावून घेतं, दुसरं आत काम उरकतं. आणि भोगायला लागतं ते फक्त खाणाऱ्यालाच असंही नाही. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली, त्यातली दोन मुलं महिन्याच्या आत गेली. मिश्रीमुळेच गेली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणता येतही नाही. पण हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाच्या मनातसुद्धा आला नव्हता, एवढं खरं.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातल्या दर शंभर प्रौढांपैकी सुमारे २४ जण धूर नसलेली तंबाखू वापरत होते. सिगारेट-विडी ओढणारे चारच्या आसपास. म्हणजे आपलं व्यसन दिसत नाही, वास येत नाही, कुणी नाव ठेवत नाही. म्हणूनच ते 'फक्त' आहे.

नातेवाईक मंडळी हे वाचून कदाचित रागावतील, की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला. आजीची निंदा मला करायची नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला मात्र सांगून झालंय.

काका आता बरे आहेत. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, वाडीची बासुंदी चमच्याने थोडी थोडी घेतात. तंबाखू सोडली तेव्हा पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले, ते सगळ्यांचेच जातात. मग हळूहळू ओसरलं. मेंदूतली ती वाढीव कुलपं काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत पूर्वपदावर येतात असं सिगारेट सोडणाऱ्यांच्या तपासण्यांत दिसलंय. मला ही सगळ्यात दिलासा देणारी माहिती वाटते. सोडायला मदत करणारा फोन नंबर हल्ली पुडीवरच छापलेला असतो. डॉक्टरही मदत करतात.

गेल्या दत्तजयंतीला आम्ही सगळे वाडीला जमलो होतो. पालखीनंतर घाटावर बसलो असताना माझा पुतण्या खिशातून पुडी काढू लागला. वय वर्षं एकोणीस. काकांनी पाहिलं. त्यांना नीट बोलता येत नाही, ते काही बोललेही नाहीत. नुसता हात पुढे केला. पोराने क्षणभर पाहिलं आणि पुडी त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती खिशात टाकली आणि पाण्याकडे बघत बसले.

त्याने सोडली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या खेपेला विचारणार आहे. आणि "फक्त" म्हणाला, तर हे सगळं वाचायला देणार आहे.