हौशी पावलांचा इतिहास

जानेवारी महिन्यांतील एका रविवारीं, अजून नीट उजाडलेंहि नाहीं तोंच, मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसासमोर हजारों माणसें जमतात. एरवीं त्या जागीं आपण गाडी गांठण्यासाठीं धांवणारी मुंबई पाहतों. पण या दिवशीं धांवणाऱ्यांना कोठेंहि पोंचावयाचें नसतें. कोणी बँकेंतील कारकून, कोणी शिक्षिका, कोणी वैद्य, कोणी निवृत्त गृहस्थ. ४२ किलोमीटर १९५ मीटर धांवून त्यांना पुन्हा त्याच परिसरांत यावयाचें असतें. पहिला क्रमांक आपल्याला मिळणार नाहीं, हें यांतील बहुतेकांना पक्कें ठाऊक असतें. मग हा खटाटोप कशासाठीं?

एका वर्षीं मी पेडर रोडच्या चढावर उभा राहून ही शर्यत पाहिली, तेव्हां हाच प्रश्न माझ्या मनांत होता. आघाडीचे धांवपटु वाऱ्यासारखे निघून गेले. त्यांचें कौतुक वाटलें. पण स्मरणांत राहिली ती त्यांच्यानंतर दोन-अडीच तासांनीं आलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई. तिची गति धड धांवण्याची नव्हती आणि धड चालण्याचीहि नव्हती. टाळ्या वाजविणारे बहुतेक लोक तोंपर्यंत पांगले होते. चढ संपल्यावर तिनें मनगटानें घाम पुसला आणि मागें न पाहतां ती पुढें गेली. भर रस्त्यावरून असें धांवण्याचा अधिकार त्या बाईला कसा व केव्हां मिळाला, याचा शोध मी मागाहून घेऊं लागलों. जें हातीं लागलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मॅरेथॉन हें ग्रीस देशांतील एका रणक्षेत्राचें नांव. ख्रिस्तपूर्व ४९० या वर्षीं अथेन्सच्या सैन्यानें तेथें इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत आला आणि ती सांगून गतप्राण झाला, ही कथा शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. परंतु त्या युद्धाचा वृत्तांत लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथांत ही कथा नाहीं. त्यानें वर्णिलेला दूत युद्धापूर्वीं मदत मागण्यासाठीं स्पार्टाकडे गेला होता. मरणाऱ्या दूताची कथा प्लुटार्क व ल्युशियन यांच्या लेखनांत, म्हणजे पांच-सहा शतकांनंतर आढळते. १८७९ सालीं रॉबर्ट ब्राउनिंग या आंग्ल कवीनें तिच्यावर कविता लिहिली, आणि १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें तेव्हां मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून या धांवेची शर्यत ठरली. ज्या शर्यतीला आज जग पुरातन मानतें, ती वस्तुतः एका भाषाशास्त्रज्ञाच्या कल्पनेंतून निघाली आहे.

ती पहिली शर्यत सुमारें ४० किलोमीटरांची होती व तींत अवघे १७ जण धांवले. स्पिरिदोन लुइस नांवाच्या ग्रीक तरुणानें ती २ तास ५८ मिनिटांत जिंकली. तो पाणी वाहून नेण्याचा धंदा करी. राजवाड्यांतून नव्हे, तर पाणक्याच्या घरांतून या शर्यतीचा पहिला वीर आला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पण तेथेंच दुसरीहि एक गोष्ट घडली. स्तमाता रेविथी नांवाच्या एका गरीब स्त्रीस धांवावयाचें होतें. तिला शर्यतींत घेतलें नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं तिनें एकटीनें तें अंतर तोडलें. क्रीडागाराचें दार मात्र तिच्यासाठीं उघडलें नाहीं. पाणक्याला जी वाट मोकळी झाली, ती बाईला झाली नाहीं.

पुढील वर्षीं, १८९७ मध्यें, अमेरिकेंतील बोस्टन शहरांत ही शर्यत सुरू झाली. तेथें पहिल्या खेपेस १५ जण धांवले. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारांतील राजासनापर्यंत २६ मैल ३८५ यार्ड अंतर मोजण्यांत आलें. १९२१ सालीं तेंच अंतर जगभर कायम झालें. धांवणाऱ्याला शेवटचा जो पल्ला प्राणांतिक वाटतो, तो राजघराण्याच्या सोयीसाठीं मोजलेला आहे, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. त्याच शर्यतींत डोरांडो पिएत्री हा इटालियन धांवपटु क्रीडागारांत शिरल्यावर कित्येक वेळां कोसळला. अधिकाऱ्यांनीं हात देऊन त्याला शेवटापर्यंत नेलें, म्हणून तो बाद ठरला आणि जॉनी हेझ या अमेरिकनास विजय मिळाला. परंतु राणी अलेक्झांड्रा हिनें दुसऱ्या दिवशीं डोरांडोला स्वतंत्र प्याला दिला. पुरुष धांवतां धांवतां कोसळला तर तो वीर ठरतो, एवढें येथें लक्षांत असूं द्यावें. याचें प्रयोजन पुढें येईल.

या इतिहासांत आपल्या महाराष्ट्राचाहि एक धागा आहे. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें मैदानी सामने भरविले. सर दोराबजी टाटा त्या संस्थेचे अध्यक्ष होते. शेतकरी वर्गांतील अनवाणी धांवणाऱ्या तरुणांचा दमसास पाहून त्यांना आश्चर्य वाटलें, आणि अशा माणसांना ऑलिंपिकला धाडावें असें त्यांनीं मनावर घेतलें. १९२० सालीं अँटवर्प येथें जो छोटा हिंदी संघ गेला, त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. तेथील मॅरेथॉनचें अंतर नेहमींपेक्षां जास्त, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होतें. चौगुले १९वे आले; त्यांना २ तास ५० मिनिटें लागलीं. परक्या देशांत जगांतील निवडक धांवपटूंशीं बरोबरी करणाऱ्या या माणसाचें नांव आज किती मराठी घरांत ठाऊक आहे, हें श्रोत्यांनींच स्वतःच्या मनाला विचारावें.

यानंतर अर्धशतक ही शर्यत थोडक्या लोकांचीच राहिली. याचें एक कारण भीति हें होतें, आणि ती अगदींच निराधार नव्हती. १९०४ सालीं सेंट लुइस येथें भर उन्हांत ३२ जण निघाले. त्यांपैकीं १४ च शेवटास पोंचले. विजेत्या टॉमस हिक्सला त्याच्या साहाय्यकांनीं वाटेंत स्ट्रिकनीन हें विष ब्रँडींतून दिलें! त्या काळीं तें उत्तेजक समजलें जाई. धांवतांना पाणी पिणें अपायकारक, हीहि समजूत तेव्हां होती. पुढें ती उलटली आणि लोक अतोनात पाणी पिऊं लागले. २००२ सालच्या बोस्टन शर्यतींतील ४८८ धांवपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां १३ टक्क्यांच्या रक्तांतील मीठ धोक्याइतकें उतरलेलें आढळलें. फार पाणी पिणें हें त्याचें एक मुख्य कारण होतें. शरीरानें स्नायूंत व यकृतांत साठविलेली शर्करा साधारण ३० किलोमीटरांच्या पुढें सरत येते. पाय शिशासारखे जड होतात, बुद्धीहि मंदावते. मुंबईच्या शर्यतींत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका याच अवस्थेंत समोर येतो. तेव्हां महिनोन्महिने सराव न करतां केवळ हौसेच्या भरांत या वाटेला जाणें हें साहस नव्हे, अविचार आहे.

मग ही वाट सामान्य माणसाची झाली कशी? त्यासाठीं १९७० सालच्या न्यूयॉर्क शहरांत जावें लागतें. फ्रेड लेबो हा मूळचा रुमानियांतील निर्वासित, कापडाच्या व तयार कपड्यांच्या धंद्यांतला. त्यानें सहकाऱ्यांसह सेंट्रल पार्क या उद्यानांतच मॅरेथॉन भरविली. वर्गणी एक डॉलर. १२७ जण निघाले, ५५ पोंचले. पहिला आला तो अग्निशामक दलांतील एक जवान. आणि खुद्द लेबो ४५वा आला. १९७६ सालीं ही शर्यत उद्यानाची कुंपणें ओलांडून शहराच्या पांचहि विभागांतून नेली गेली. श्रीमंतांच्या वस्तींतून, गरिबांच्या वस्तींतून, पुलांवरून, भांडणाऱ्या मोहल्ल्यांच्या मधून माणसें धांवलीं. एरवीं मोटारींच्या मालकीचा असलेला रस्ता एक दिवस पावलांच्या मालकीचा झाला. १९७९ मध्यें तेथें धांवून आलेल्या ख्रिस ब्रॅशर यांनीं जॉन डिस्ले यांच्यासह १९८१ सालीं लंडन येथें तशीच शर्यत सुरू केली. तिच्या पहिल्या खेपेस सर्वांत पुढें असलेले दोघे, एक अमेरिकन व एक नॉर्वेजियन, हातांत हात घालून एकदमच शेवटास पोंचले.

पण बायकांचें काय? १९२८ सालच्या ऑलिंपिकमध्यें ८०० मीटरांच्या शर्यतीनंतर स्त्रिया थकलेल्या दिसल्या. वृत्तपत्रांनीं त्याचा बाऊ केला, आणि ती शर्यतच १९६० पर्यंत स्त्रियांसाठीं बंद राहिली. डोरांडो कोसळला तेव्हां त्याला प्याला मिळाला होता. स्त्रियांना दम लागला तेव्हां दार बंद झालें. १९६६ सालीं बोस्टनमध्यें बॉबी गिब ही झुडपांत लपून राहिली आणि शर्यत सुरू होतांच तींत मिसळली. १९६७ सालीं कॅथरिन स्विट्झर हिनें केवळ आद्याक्षरें लिहून नांव नोंदविलें व २६१ हा क्रमांक मिळविला. वाटेंत एका अधिकाऱ्यानें तो ओढून काढण्याचा प्रयत्न केला. पण ती शेवटपर्यंत धांवली. बोस्टनचें दार स्त्रियांना १९७२ सालीं उघडलें.

त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें जें घडलें, तें आपल्या देशांतील श्रोत्यांस विशेष जवळचें वाटेल. स्त्रियांनीं पुरुषांच्या दहा मिनिटें आधीं निघावें, दोघांची शर्यत वेगळी समजली जाईल, असा क्रीडासंघाचा नियम होता. बंदुकीचा बार झाला आणि सहा स्त्रिया आरंभरेषेवर स्वस्थ बसून राहिल्या. दहा मिनिटांनीं पुरुषांसाठीं बार झाला, तशा त्या उठल्या आणि धांवूं लागल्या. त्यांच्या वेळांत दहा मिनिटें वाढवून त्यांना दंड करण्यांत आला. पण नियम फार दिवस टिकला नाहीं. धांवण्याचा हक्क त्यांनीं बसून मिळविला. सत्याग्रह हा शब्द त्यांच्या मनांत होता कीं नाहीं कोण जाणे. कृति मात्र तीच होती. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली. जोन बेनोइट हिनें ती २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत जिंकली. तिच्यानंतर बऱ्याच वेळानें गॅब्रिएला अँडरसन-शीस ही उन्हानें व्याकुळ होऊन झोकांड्या खात क्रीडागारांत आली. लोकांनीं उभें राहून तिला शेवटापर्यंत धीर दिला, आणि या वेळीं दार मात्र कोणी बंद केलें नाहीं. डोरांडोला जें ७६ वर्षांपूर्वीं मिळालें होतें, तें तिला तेव्हां मिळालें.

२००४ सालीं मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हां हा सारा झगडा होऊन गेलेला होता. म्हणून पेडर रोडवरील त्या बाईला कोणी अडविलें नाहीं. पोलीस तिच्यासाठीं चौक रोखून उभे होते, कोणी तरुण पाण्याचा प्याला पुढें करीत होता. तिला हें सर्व साहजिक वाटलें असेल. हक्क मिळून जुना झाला कीं तो साहजिकच वाटूं लागतो; आणि इतिहास सांगण्याची गरज पडते ती नेमकी याच वेळीं.

शेवटीं आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. पहिला क्रमांक नाहीं, मग हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर मला फ्रेड लेबोच्या अखेरच्या धांवेंत सांपडलें. १९९० सालीं त्याच्या मेंदूंत कर्करोग असल्याचें आढळलें. त्यानें भरविलेली शर्यत आतां जगभर गाजत होती. पण पांच विभागांतून जाणारी ती वाट तो स्वतः कधीं धांवला नव्हता. १९९२ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, आजारांतून उठून तो ती धांवला. ग्रेटे वाइट्झ ही नॉर्वेची स्त्री तीच शर्यत नऊ वेळां जिंकलेली. त्या दिवशीं ती आपला वेग विसरून त्याच्या बाजूनें, त्याच्या पावलानें चालली. दोघांना ५ तास ३२ मिनिटें लागलीं. दोन वर्षांनीं लेबो वारला. वाइट्झच्या नऊ विजयांची नोंद पुस्तकांत आहेच. पण त्या शहराच्या आठवणींत ही संथ धांवहि तितकीच मोठी ठरली.

ज्याचा पहिला क्रमांक येतो त्याच्यासाठीं शर्यत दोन-सव्वादोन तासांची असते. जो मागें राहतो, त्याला तीच वाट पांच-सहा तास सोसावी लागते. कष्टाचा हिशेब केला तर त्याचा वांटा कमी नाहीं. म्हणून पुढच्या जानेवारींत आपल्या घरावरून ही शर्यत गेलीच, तर श्रोतेहो, पहिले धांवपटु गेल्यावर खिडकी लावून घेऊं नका. थोडा वेळ उभे राहा. शेवटीं येणाऱ्यांच्या वांट्याला टाळ्या फार थोड्या येतात, आणि त्यांची गरज खरी त्यांनाच असते.