खर्चाच्या वहीतले पूर्वज

इंग्लंडमधील पूर्वजांच्या शोधात निघालेले वंशज पुष्कळदा एका मोकळ्या हिरवळीपाशी येऊन थांबतात. दफनभूमी सापडते, थडगे मात्र सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे दफन सार्वजनिक खर्चाने झाले, त्यांच्या वाट्याला सामाईक कबर येई : एकाच खड्ड्यात परस्परांशी नाते नसलेल्यांच्या शवपेट्या, आणि वर नाव नाही.

१८३४ च्या गरीब कायद्याने निर्धनांना वर्कहाउसची वाट दाखवली. तेथे आसऱ्याच्या बदल्यात राबावे लागे. त्याआधीच, १८३२ च्या शरीररचना कायद्यामुळे, वर्कहाउसमधील बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी देता येऊ लागले होते. या धास्तीने अर्धपोटी कुटुंबेही दफननिधीत दर आठवड्याला पेनी-पेनी भरत.

तरीही माग लागतो. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये मृत्यूंची नागरी नोंद सुरू झाली. दाखल्यावर मृत्युस्थळ म्हणून वर्कहाउस दिसले, की तेथील नोंदी पाहाव्यात. मग दफनभूमीची वही. तीत सहसा नाव, वय, तारीख आणि कबरीचा क्रमांक आढळतो.

या वह्या कोणाच्या स्मृतीसाठी लिहिलेल्या नाहीत. करदात्यांच्या पैशाचा आणि जागेचा तो हिशेब होता. पूर्वज म्हटले की आम्हांस पराक्रम नि वतने आठवतात. कुळाच्या कथेतून दारिद्र्य आम्ही हळूच वगळतो. ज्या समाजाने या माणसांना दगडावरील एक ओळ नाकारली, त्याच्याच काटकसरीने त्यांची नावे राखली, हे आम्ही विसरू नये.