दुसऱ्या गटाची कुळकथा

शाहू महाराजांनी 1895 साली व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. तिथल्या गुळाच्या व्यवहारात एकट्या ढेपेकडे बघून कुणी भाव बोलत नाही. शेजारी दुसरी ढेप असली की रंग कळतो. मनाच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्यांना ही शेजारची ढेपच मिळत नव्हती. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी देता येते. श्वासाचं, बोलण्याचं काय करणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा खटाटोप केला. एका गटाला पतंजलींच्या पद्धतीने आसनं, प्राणायाम, पुढे धारणा-ध्यान. दुसऱ्याला आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली, प्राणायामासारखा श्वास आणि मनात येईल ते कागदावर उतरवणं. धीर देणं दोघांनाही सारखंच. (खोटा योग मनापासून शिकवायचा म्हणजे सोपं काम नव्हे!) चिंता खऱ्या योगाच्या गटात जास्त उतरली. हे रुग्ण न्यूरोसिसचे आणि मनोकायिक आजारांचे, व्यक्तिमत्त्व विकारांचे नव्हेत. पण 1973च्या त्या शोधनिबंधावर दिलीप जेस्ते हे तरुण नाव आहे. 2013 साली डीएसएम-5 हे मनोविकारांच्या निदानाचं पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष हेच जेस्ते होते. व्यक्तिमत्त्व विकारांची नवी मांडणी तेव्हा बऱ्याच वादानंतर पुस्तकाच्या मागच्या भागात गेली आणि जुने दहा विकार जागचे हलले नाहीत.

त्या दहांतल्याच एका, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी 1991 साली सिअ‍ॅटलहून आपल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या बोलण्याच्या उपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. स्वतःला इजा करून घेणं घटलं, रुग्ण उपचार अर्धवट सोडेनात. नैराश्यात मात्र दोन गटांत फरक नव्हता. दुसऱ्या गटाच्या वाट्याला गावात मिळतील ते नेहमीचे उपचार होते. म्हणजे प्रतिस्पर्धीच लेचापेचा, अशी टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. लिनेहान यांनी ती मनावर घेतली. 2006च्या चाचणीत 101 स्त्रिया होत्या आणि दुसरा गट नावाजलेल्या तज्ज्ञांकडे सोपवला होता. तरीही आत्महत्येचे प्रयत्न डीबीटीच्या गटात निम्म्याने कमी.

मग 2009 साली टोरांटोत शेली मॅकमेन यांनी 180 रुग्णांवरच्या डीबीटीच्या चाचणीत दुसरा गट आणखी भक्कम केला: दर आठवड्याला भेट, नीट आखलेला मनोविकारतज्ज्ञांचा उपचार, जोडीला औषधांवर देखरेख. वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच सुधारले. आणखी दोन वर्षांनीही सुधारणा टिकून होती, पण निम्म्याहून अधिक जण ना नोकरीत होते, ना शिक्षणात.