उभं पीक मोडल्याचा चेक

अमेरिकेत शेतकऱ्याला सरकारकडून थेट पैसे मिळतात, त्या पद्धतीचा जन्म उभा कापूस नांगरून टाकण्यातून झाला. १९२९मध्ये पाउंडाला १६ सेंटच्या वर असलेला कापूस १९३१-३२मध्ये ६ सेंटच्या आसपास घसरला होता. भाव चढवायचा तर माल कमी करा, आणि कमी करणाऱ्याची भरपाई सरकार देईल, असा कायदा झाला. १२ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्यावर सही केली. अडचण एवढीच, की तोवर पेरणी उरकली होती.

मग मोडणी सुरू झाली. अंदाजे उत्पन्न पाहून एकरी ७ ते २० डॉलर. नांगराला जुंपलेली खेचरं दोन ओळींच्या मधून चालायची. रोपावर पाय पडला की मार, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आता त्याच ओळीवरून हाकलायला लागल्यावर ती जागची हलेनात, असं त्या काळचे लोक सांगत. त्या उन्हाळ्यात एक कोटीहून जास्त एकर कापूस मातीत गेला. पहिला चेक टेक्सासमधल्या न्युएसेस काउंटीच्या शेतकऱ्याला मिळाला: ४७ एकरांचे ५१७ डॉलर.

पण कोणी किती एकर मोडायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे वॉशिंग्टनला बसून कसं कळणार? काउंटीचा कृषी अधिकारी आणि गावच्या शेतकऱ्यांची कमिटी यांच्यावर ते सोपवलं. कल्पना लोकशाहीची खरी. दक्षिणेत मात्र कमिटीवर बसले ते जमीनदार, आणि नांगर धरणारा वाटेकरी दाराबाहेर राहिला. खरा घोळ इथे आहे.

१९३४-३५च्या करारात पाउंडामागे साडेतीन सेंट जमिनीचं भाडं म्हणून आणि एक सेंट भावफरक म्हणून ठरला. भाडं सगळं मालकाचं, भावफरकाची निम्मीनिम्मी वाटणी. म्हणजे साडेचार सेंटांतला अर्धा सेंट वाटेकऱ्याचा! शिवाय पेरा कमी झाल्यावर माणसंही कमी लागतात, तेव्हा कुळं हुसकावली जाऊ लागली. आर्कान्सामधल्या पॉइनसेट काउंटीत, टायरोन्झा गावी, जुलै १९३४मध्ये गोऱ्या-काळ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना काढली, ती ह्याच्याच विरोधात. त्या प्रदेशात रंगभेद बाजूला ठेवून एकाच संघटनेत येणं ही साधी गोष्ट नव्हती.

अनुदानाचा पैसा गिरण्यांवरच्या करातून यायचा. जानेवारी १९३६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कर आणि त्यावर उभी असलेली योजना घटनाबाह्य ठरवली. काँग्रेसने काही आठवड्यांतच नवा कायदा केला आणि तेच पैसे जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाने देणं सुरू केलं. नाव बदललं, चेक चालू राहिला.

पुढे नावं बदलतच गेली. आज काउंटी कमिटी निवडून येते आणि मुख्य पिकांची भरपाई ‘बेस एकरां’वर, म्हणजे त्या जमिनीच्या जुन्या पेऱ्याच्या नोंदीवर ठरते. ते पीक यंदा पेरलं नाही तरी चालतं. जमीन रोख खंडाने दिली असेल तर कायद्याने रक्कम कसणाऱ्याची. पण रोख खंड ठरवताना मालक ती हिशेबात धरतो, आणि तिच्यातला काही भाग त्याच्याच खिशात जातो.