एक आरोपी, एक न्यायालय, अनेक न्यायमूर्ती

आजचा धागा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविषयी. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

दिनशा दावर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना एकाच कारणासाठी ठाऊक असते. २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्याच दावरांनी अकरा वर्षांपूर्वी, बॅरिस्टर असताना, त्याच न्यायालयात टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता आणि जामीन मिळवूनही दिला होता.

हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा मी न्यायमूर्तींची कालानुक्रमे यादी काढून बसलो. यादी दिसायला नीरस असते: नाव, नियुक्तीचे वर्ष, निवृत्तीचे वर्ष. सुरुवातीला सगळी इंग्रज नावे, मग मधूनमधून भारतीय, १९४७ नंतर भारतीयच. स्त्रीचे नाव यायला १९७८ उजाडले. त्या सुजाता मनोहर, आणि १९९४ मध्ये त्याच या न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या. ही यादी वाचताना मन आपोआप ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ असे दोन रकाने आखते. ते रकाने कुठे कोलमडतात, ते पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. उच्च न्यायालय १८६२ चे. त्यापूर्वी मुंबईत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. कंपनी सरकारची सदर अदालत मुलुखातले खटले पाही, तर इंग्लंडच्या राजाच्या सनदेने स्थापलेले सुप्रीम कोर्ट मुंबई शहरापुरते. हे सुप्रीम कोर्ट १८२४ मध्ये सुरू झाले. त्याचे न्यायाधीश राजाने नेमलेले, त्यामुळे कंपनीच्या गव्हर्नरापुढे मान झुकवण्याचे त्यांना कारण नव्हते. ठिणगी पडणारच होती. ती पडली पुण्यातल्या एका मुलावरून.

मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र या आपल्या चुलत आजोबांच्या ताब्यात होता. त्याला न्यायालयापुढे हजर करा, असा बंदी प्रत्यक्षीकरणाचा आदेश सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. पेशवाई बुडून दहाच वर्षे झाली होती. पुण्याच्या मातब्बर घराण्यांना मुंबईच्या कोर्टाने खेचून आणणे राज्याला परवडणारे नाही, असे त्यांचे म्हणणे. दरम्यान मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले. सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये गेले. तीन न्यायाधीशांपैकी उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट.

ग्रँट यांनी काय करावे? १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. आपल्या आदेशाची अंमलबजावणी होणार नसेल तर न्यायदान करणार नाही, ही भूमिका. निकाल लंडनमध्ये लागला आणि तो ग्रँट यांच्या विरुद्ध गेला: मुंबई शहराबाहेर, कंपनीच्या नोकरीत नसलेल्या एतद्देशीय माणसावर असा आदेश काढण्याचा अधिकार या कोर्टाला नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल बहुधा बरोबरच असावा. पण लंडनच्या मनात काय होते, ते लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमना लिहिलेल्या पत्रातून उघडे पडले. ग्रँट यांच्या दोन बाजूंना दोन नवे न्यायाधीश नेमले जात होते. दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध चालवलेल्या रानटी हत्तीसारखी त्यांची अवस्था होईल, अशा आशयाचे ते वाक्य. पत्र फुटले आणि मोठा गहजब झाला. न्यायाधीश कसा हवा, याविषयी राज्यकर्त्यांच्या मनातली कल्पना इतक्या मोकळेपणाने कागदावर क्वचितच उतरली असेल.

१८६१ च्या कायद्याने दोन्ही व्यवस्था एक झाल्या आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. सर मॅथ्यू सॉस पहिले मुख्य न्यायमूर्ती. त्या कायद्यातल्या दोन तरतुदी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, किमान एक तृतीयांश न्यायमूर्ती बॅरिस्टर आणि किमान एक तृतीयांश सनदी नोकर असावेत. दोन, न्यायमूर्तींचे पद राणीची मर्जी असेपर्यंत. म्हणजे पदाचे संरक्षण असे नाहीच.

भारतीय नावे हळूहळू येतात. नानाभाई हरिदास १८८४ मध्ये कायम झाले. १८८९ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग. १८९३ मध्ये तेलंगांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. वयाने तेलंगांहून आठ वर्षांनी मोठे असूनही त्यांच्यानंतर. १८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, १९०१ मध्ये नारायण गणेश चंदावरकर. तय्यबजी काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. चंदावरकर १९०० च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी न्यायासनावर बसले. काँग्रेसचा अध्यक्ष आणि सरकारी न्यायमूर्ती यांत त्या पिढीला विसंगती वाटत नव्हती, हे आज चमत्कारिक वाटते.

आता टिळक.

जुलै १८९७. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती, ‘केसरी’तल्या लेखनावरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात आला तो न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे. त्यांनी तो फेटाळला. होय, रानड्यांनी. खटला सत्रासाठी वर्ग झाल्यावर दावरांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी न्या. तय्यबजींपुढे. ४ ऑगस्टला तय्यबजींनी जामीन दिला.

खटला चालला न्या. आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे. राजद्रोहाच्या कलमात ‘डिसअफेक्शन’ असा शब्द आहे, मराठीत ‘अप्रीती’. स्ट्रॅचींनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरवला, तर सुटेल कोण? सहा युरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीयांनी निर्दोष. बहुमताने दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी स्ट्रॅची अलाहाबादला मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले.

१९०८ मध्ये पुन्हा तेच कलम आणि तेच न्यायालय. न्यायासनावर आता दावर. टिळकांच्या वतीने जामीन मागायला जिना उभे राहिले. दावरांनी जामीन नाकारला आणि कारणे देण्याचेही टाळले. स्वतः एकेकाळी त्याच आरोपीसाठी तोच अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस! खास ज्यूरी बसवू नका, तीत युरोपीय भरतील आणि त्यांना मराठी येणार नाही, हीही हरकत चालली नाही. ज्यूरीत सात युरोपीय, दोन पारशी. ज्या मराठी लेखांवर खटला होता, ते लेख बहुसंख्य ज्यूरींपुढे भाषांतरातूनच गेले. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तासांहून अधिक बोलले, त्यातला मोठा भाग भाषांतरातल्या चुका दाखवण्यात गेला. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सुनावताना दावरांनी टिळकांच्या मनालाच विकृत ठरवले. नंतर सहा दिवस मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या.

दावर वाईट न्यायमूर्ती होते का? त्याच वर्षी त्यांनी न्या. बीमन यांच्यासह पारशी पंचायतीच्या प्रसिद्ध खटल्याचा निकाल दिला; पारशी कोण, या प्रश्नावर तो अजूनही उद्धृत होतो. माणूस विद्वान होता. मला वाटते, ज्याच्या नेमणुकीमागे, पदोन्नतीमागे आणि पदावर टिकण्यामागे एकच मर्जी असते, तो राजद्रोहाच्या खटल्यात तटस्थ राहील, ही अपेक्षाच जास्त होती. पण मग तय्यबजीही त्याच मर्जीखाली होते. म्हणजे सगळे व्यवस्थेवर ढकलूनही भागत नाही.

या खटल्याची एक उपकथा एम. सी. छागला यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. छागला तरुणपणी जिनांच्या हाताखाली काम करत. दावरांना ‘सर’ किताब मिळाला तेव्हा बॅरिस्टर मंडळींनी त्यांना मेजवानी द्यायचे ठरवले आणि परिपत्रक फिरवले. जिनांनी त्यावर लिहिले, की सरकारला हवे ते करून आणि एका थोर देशभक्ताला कठोर शिक्षा देऊन किताब मिळवणाऱ्या न्यायमूर्तीला मेजवानी देण्याची बारला लाज वाटायला हवी. दावरांनी जिनांना बोलावून विचारले, मी तुम्हाला कधी वाईट वागवले का? जिना म्हणाले, नाही, पण टिळकांचा खटला तुम्ही ज्या रीतीने चालवलात त्याविषयीच्या भावना मला दडपता येत नाहीत.

तिसरा अंक १९१६ चा, आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो. होमरूलसाठी बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांनी भाषणे केली. २३ जुलैला, साठाव्या वाढदिवशीच, त्यांच्या हाती नोटीस पडली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बाजू मांडायला पुन्हा जिना. न्यायासनावर न्या. बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा. यातले बॅचलर सनदी नोकर, म्हणजे त्या एक तृतीयांश तरतुदीतून आलेले, सरकारच्या सर्वांत जवळचे. त्यांनी म्हटले की भाषण समग्र वाचले पाहिजे, उदार मनाने वाचले पाहिजे. एखादे तिखट वाक्य वेगळे काढून त्यावर अडून बसता कामा नये. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी आदेश रद्द झाला. म्हणजे टिळकांच्या वाट्याला आलेला सर्वांत न्याय्य निकाल एका आयसीएस इंग्रजाच्या आणि एका गुजराती न्यायमूर्तीच्या सहीचा. सर्वांत कठोर निकाल त्यांच्या माजी वकिलाचा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी छागला या न्यायालयाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती झाले. राज्यघटनेने ‘मर्जी’ काढून टाकली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला आता फक्त संसदेच्या विशेष बहुमताच्या ठरावानंतरच दूर करता येते.

जुलै १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या दिवसांत, जिथे १९०८ चा खटला चालला त्या मध्यवर्ती न्यायकक्षाबाहेर एका संगमरवरी फलकाचे अनावरण छागलांनी केले. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळकांनी उच्चारलेले शब्द त्यावर कोरले आहेत: ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, या अर्थाचे. मुख्य न्यायमूर्ती छागला त्या प्रसंगी म्हणाले, की त्या खटल्यात तांत्रिक न्याय कदाचित झाला असेल, पण खरा न्याय मात्र नाकारला गेला. आरोपीचे शब्द भिंतीवर आहेत. आत, त्याच कक्षात, आजही खटले चालतात.