एका ‘बी’ची तीन रूपं

अकराव्या शतकात इटलीतल्या आरेझ्झो गावी ग्विडो नावाचा एक बेनेडिक्टाइन साधू कॅथेड्रलमधल्या मुलांना गाणं शिकवत होता. स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ करण्यात मुलांची वर्षं जात. कधी न ऐकलेली चालही त्यांना कागद बघून गाता यावी, ही त्याची तळमळ होती. त्यासाठी त्याने रेघांवर स्वर मांडायची पद्धत बसवली आणि १०२६च्या सुमारास ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ लिहिला. त्या काळच्या स्वरमालिकेत दोन जागी लागणारा स्वर एकच होता: बी या अक्षराने लिहिला जाणारा. आजच्या स्टाफ नोटेशनमधल्या, म्हणजे रेघांवरच्या स्वरलेखनातल्या, फ्लॅट (स्वर उतरवणारी), नॅचरल (मूळ जागी नेणारी) आणि शार्प (चढवणारी) या तिन्ही खुणा त्या एका अक्षरातून निघाल्या.

आपल्याकडच्या गाणाऱ्याला ही अडचण चटकन कळेल. पांढरी एक, म्हणजे सी, हा षड्ज धरला तर बी हा शुद्ध निषाद. एफ, म्हणजे शुद्ध मध्यम, त्याच्यापासून तीन पूर्ण स्वरांवर पडतो आणि हे अंतर चर्चच्या गायकांच्या कानाला खुपायचं. म्हणून चाल वर षड्जाकडे निघाली की निषाद शुद्ध राही, खाली वळली की बहुधा कोमल होई. खमाजाच्या आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल निषाद घेतात, तसंच काहीसं. लिहायला अक्षर मात्र एकच! तेव्हा कोमलासाठी गोल पोटाचा बी आणि शुद्धासाठी चौकोनी बी काढायची रीत पडली. ग्विडोने दोन्हींची नोंद घेतली आहे, पण गोल बी त्याला मागून जोडलेला, कमी नियमित वाटे.

गोल बीचा फ्लॅट झाला. चौकोनी बीच्या रेघा कोपऱ्यांपुढे वर-खाली लांबल्या, तो नॅचरल. रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या, तो शार्प. जर्मन मुलखात चौकोनी बी एच अक्षरासारखा लिहिला जाऊ लागला आणि तिथे आजही या शुद्ध स्वराला एच, कोमलाला बी म्हणतात. संगीतकार योहान सेबास्टियन बाखला आपलं आडनाव बी, ए, सी, एच अशा चार स्वरांत मांडता आलं ते त्यामुळेच. ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधल्या अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये त्याने ते गुंफलं आहे.

खूण एवढी जुनी, पण नॅचरलचं आजचं काम बरंच अलीकडचं. कित्येक शतकं अशा खुणा पुष्कळदा लिहिल्याच जात नसत. कुठला स्वर चढवायचा, कुठला उतरवायचा, हे गायकाने चालीचा रोख ओळखून ठरवायचं. याला ‘मूसिका फिक्टा’ म्हणत आणि जुन्या रचनांचे संपादक त्यावरून आजही भांडतात. सतराव्या शतकात तर फ्लॅट केलेला स्वर पुन्हा शुद्ध करायला शार्पची खूण सर्रास वापरत. पुढे अठराव्या शतकात एक शिस्त रुळत गेली: एकदा लावलेली खूण त्या बारच्या, म्हणजे तालाच्या त्या खान्याच्या, शेवटापर्यंत चालते. ओळीच्या आरंभीची की सिग्नेचर, म्हणजे तिथे मांडलेले शार्प किंवा फ्लॅट, तर सबंध ओळीवर हुकूम चालवतात. असे हुकूम मोडून स्वराला त्याच्या मूळ जागी नेणारी स्वतंत्र खूण लागणारच होती. ते काम चौकोनी बीच्या वंशजाकडे आलं.

मुंबईत पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी टिपताना निराळी वाट धरली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, शुद्ध स्वर कोरा. खूण त्या स्वरापुरतीच, त्यामुळे ती रद्द करणारी खूण लागतच नाही. भैरवी लिहायची तर रे, ग, ध, नी यांच्याखाली दर वेळी रेघ ओढावी लागते, हे खरं. पण शिकणाऱ्याला मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही आणि ही सोय फार मोलाची आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी वेगळ्या खुणा वापरल्या, तरी त्याही स्वराला चिकटलेल्याच.

नॅचरल मात्र मुंबईत पोचला, तो गोव्यामार्गे. गोव्यात पोर्तुगीज अमलात पॅरिश शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यवृंदाची पानं लिहिली. सेबास्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावं. संगीतकाराच्या चालीत आधी कोमल, मग शुद्ध असे दोन्ही निषाद लागोपाठ आले आणि षड्ज पांढऱ्या एकचा असला, की व्हायोलिनच्या कागदावर एकाच बारमध्ये आधी फ्लॅट आणि लगेच नॅचरल मांडावा लागे. तो नॅचरल राहून गेला, तर शिस्तीने वाचणारा व्हायोलिनवाला कोमलच वाजवणार आणि माइकपाशी उभी गायिका त्याच क्षणी शुद्ध लावणार.